'केवडा' आणि त्याची कारणे : जलपोषित तृणधान्यांच्या पर्णविकारांचे निदान

मराठी कृषिव्यवहारात 'केवडा' ही रोगसंज्ञा फार व्यापक अर्थाने वापरली जाते. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या म्हणजे केवडा. बाजरीच्या पानांवर फिकट पट्टे उमटले म्हणजे केवडा. चुनखडीच्या जमिनीतील उसाचा खोडवा पिवळाफिकट दिसू लागला म्हणजेही केवडाच. यांपैकी पहिल्या विकाराचे कारण पांढऱ्या माशीने वाहून आणलेला विषाणू हे होय, दुसऱ्याचे कारण बुरशीसदृश सूक्ष्मजीव हे होय, आणि तिसरा विकार हा मुळी रोगच नसून लोहाची न्यूनता होय. केवड्याच्या फुलाचा पिवळसर पांढरा रंग हाच या तिन्हींना जोडणारा दुवा. म्हणजेच ही संज्ञा जे दिसते त्याचे वर्णन करते. जे घडते त्याचा निर्देश करीत नाही.

शेतात या संदिग्धतेने सहसा अडत नाही. पीक कोणते, जमीन कशी, हंगाम कोणता, हे बोलणारा व ऐकणारा दोघेही जाणून असतात, आणि संज्ञेतील उणीव संदर्भाने भरून निघते. परंतु धान्याचे रोप मातीतून काढून पाण्यात वाढविले, की हा संदर्भच नाहीसा होतो. मग पान पिवळे पडले एवढ्या विधानातून काहीच निष्पन्न होत नाही. पान नेमके कोणते, पिवळेपणा पानाच्या कोणत्या भागात आहे आणि तो केव्हा दिसू लागला, हे सांगावे लागते. जलपोषित पिकांच्या निदानाचे सारे शास्त्र या अचूक वर्णनावर उभे आहे.

मातीविना वनस्पती वाढविण्याची पद्धती प्रथम प्रयोगशाळेत रूढ झाली. १८६० च्या दशकात जर्मनीमध्ये झाक्स व क्नोप यांनी विरघळलेल्या क्षारांवर वनस्पती वाढवून दाखविल्या. पाणी आणि श्रम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनलेला 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द १९३७ मध्ये कॅलिफोर्नियातील विल्यम गेरिक यांनी प्रचारात आणला. भारतात १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँग येथे प्रयोग आरंभिले. अलीकडच्या काळात गोव्यातील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधन संकुलाने गुरांच्या चाऱ्यासाठी मक्याचे बी ट्रेमध्ये उगवून सुमारे आठवडाभरात हिरवा चारा घेण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, सदनिकांच्या गॅलरीत हेच तंत्र गव्हांकुरांच्या रूपाने शिरले आहे. तेथे उद्भवणाऱ्या तक्रारींची उकल पुढील चार प्रश्नांच्या क्रमाने करणे श्रेयस्कर ठरते.

पहिला प्रश्न रोपाच्या वयाचा. बीजातील भ्रूणपोष अंकुराला आरंभीचा आठवडा-दीड आठवडा पुरतो. या अवधीत पाने पिवळी पडली तर त्याचा दोष अन्नद्रव्यांच्या अभावाकडे जात नाही. नवरात्रातील घटाभोवती पेरलेले धान्य हे याचे घराघरांतील उदाहरण होय. देवघराच्या मंद उजेडात वाढलेले ते कोंब लांब, नाजूक व पिवळे असतात. कारण सपुष्प वनस्पतींमध्ये हरितद्रव्य निर्माण होण्याच्या अखेरच्या टप्प्याला प्रकाश अनिवार्य असतो. असे कोंब उजेडात आणले, तर काही तासांत हिरवे होऊ लागतात. आषाढ-श्रावणात जाळीदार गॅलरीतील गव्हांकुर फिकट राहिले, तर तेथेही खत न घालता प्रथम प्रकाश वाढवून पाहावा. बीजांच्या थरावर कापसासारखी बुरशी आणि आंबूस वास असेल, तर मात्र तो संपूर्ण ट्रे टाकून द्यावा; ते अंकुर माणसांच्या वा जनावरांच्या खाण्यात येऊ देऊ नयेत.

दुसरा प्रश्न मुळांचा. पानाची तक्रार पुष्कळदा मुळाची असते. पाणी जितके उष्ण तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. २० अंश सेल्सिअसला एका लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. उलट उष्णतेबरोबर मुळांची श्वसनाची गरज वाढते. मुंबईच्या वैशाखात स्थिर पाण्यात वाढणारा गहू वा मका त्यामुळे गुदमरतो. मुळे तपकिरी व बुळबुळीत होतात आणि पाणी भरपूर असूनही पाने कोमेजतात. भाताची गोष्ट वेगळी. त्याच्या मुळांत हवा वाहून नेणारी पोकळ ऊती असल्याने तो हे सहज सोसतो. पावसाळ्यात याहून भिन्न लक्षण दिसते. हवा दमट असल्याने पर्णोत्सर्जन मंदावते आणि पहाटे पानांच्या टोकांवर पाण्याचे थेंब साचतात. हे दव नसून मुळांच्या दाबाने बाहेर आलेला रस असतो. द्रावणात क्षार अधिक असतील, तर तो सुकून टोकांवर पांढरट पुटे चढतात व टोके करपतात. खाडीलगतच्या कूपनलिकेचे खारट पाणी वापरल्यास हा त्रास विशेष संभवतो. टोके करपली म्हणून खत वाढविणे म्हणजे विकाराचे कारणच वाढविणे होय.

तिसरा प्रश्न, पान कोणते? नत्र, स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पतीच्या शरीरात चल असतात. उणीव भासताच वनस्पती ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरविते. लोह, कॅल्शियम ही द्रव्ये अचल असतात, आणि गंधकही फारसे हलत नाही. म्हणून पहिल्या वर्गाची न्यूनता खालच्या पानांत, तर दुसऱ्याची शेंड्याच्या पानांत प्रकट होते. यानंतर आकृती पाहावी. मक्याच्या जुन्या पानाच्या टोकापासून मध्यशिरेने आत सरकणारा पिवळा कोन नत्राची उणीव सुचवितो; जुन्या पानाच्या कडा करपल्यास पालाशची; रोप खुरटून पाने जांभळी झाल्यास स्फुरदाची. नवे पान सर्वत्र सारखे फिकट असल्यास गंधकाचा, पाने उलगडताना टोके परस्परांस चिकटून राहिल्यास कॅल्शियमचा आणि शिरा हिरव्या राहून मधल्या पट्ट्या पिवळ्या झाल्यास लोहाचा संशय घ्यावा. तृणकुलातील पानांच्या शिरा समांतर असल्यामुळे हे शेवटचे लक्षण जाळीसारखे न दिसता पानाच्या लांबीने गेलेल्या रेघांसारखे दिसते.

लोहाचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे, कारण जलपोषित धान्यांत ही तक्रार वारंवार आढळते. लोह द्रावणात घातलेले असूनही रोपाला ते मिळेलच असे नाही. रोप नायट्रेटच्या रूपाने नत्र घेते तेव्हा द्रावणाचा सामू चढत जातो; तो ७ च्या आसपास गेला, की साधे लोह अविद्राव्य होऊन तळाशी बसते. गहू, जव, मका यांची मुळे लोहाला बांधून घेणारी विशिष्ट द्रव्ये बाहेर सोडतात. जपानी संशोधक ताकागी यांनी १९७६ मध्ये भात व ओट यांच्या मुळांतून अशी द्रव्ये स्रवतात हे दाखविले. मातीत ती मुळालगतच्या पातळ थरात राहतात. खेळत्या पाण्यात पसरून विरळ होतात. भात ही द्रव्ये अल्प प्रमाणात सोडतो आणि चिखलातील विद्राव्य फेरस लोहावर विसंबतो. कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीत, साचलेल्या पाण्यात त्याला लोहाची वाण क्वचितच पडते. हवा सोडलेल्या द्रावणात मात्र फेरस लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि तेच पीक शेंड्याकडून पांढुरके होऊ लागते. यावर उपाय म्हणजे सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान राखणे आणि चिलेट स्वरूपातील लोह वापरणे.

चौथा प्रश्न पडताळ्याचा. लक्षणांवरून बांधलेला तर्क हा तर्कच असतो. उत्तर भारतातील भाताचा 'खैरा' रोग याचा उत्तम दाखला आहे. पानांवर काताच्या रंगाचे ठिपके पडतात म्हणून तराईतील शेतकऱ्यांनी त्यास हे नाव दिले. पंतनगर कृषी विद्यापीठातील यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये तो जस्ताच्या न्यूनतेचा परिणाम असल्याचे दाखविले आणि जस्ताच्या फवारणीने पीक सुधारू लागले. जलपोषित रोपांवर अशी परीक्षा अधिक सुलभ आहे. लोहाचा संशय असल्यास एका फिकट पानाच्या अर्ध्या भागावर फेरस सल्फेटचे सौम्य द्रावण लावावे व उरलेला अर्धा तसाच ठेवावा. काही दिवसांत लावलेला भागच हिरवा झाला, तर तर्क खरा ठरला. एकाच वेळी सामू, खत व प्रकाश ही तिन्ही बदलल्यास रोप कदाचित सुधारेल, परंतु ते कशाने सुधारले हे कळणार नाही आणि पुढील ट्रेच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा उभा राहील.

'केवडा' व 'खैरा' ही नावे यामुळे टाकाऊ ठरत नाहीत. शेतकऱ्याने रंग अचूक पाहिला होता, आणि संशोधनाचा आरंभ त्याच निरीक्षणापासून झाला. नाव देणे ही निदानाची पहिली पायरी होय. तिलाच शेवटची मानले म्हणजे प्रकाशाच्या अभावाने पिवळ्या पडलेल्या रोपाला खत आणि क्षाराने करपलेल्या रोपाला अधिक क्षार मिळतो.