क्वालिटी ऑडिट : शब्द एक, प्रकार तीन

सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर पीएचडी करायची म्हणताय? मग प्रश्नावलीत नुसतं ‘ऑडिट होतं का?’ असं विचारू नका. कुठलं ऑडिट, ते आधी ठरवा.

किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. तिथे पंप बनतात, म्हणून पंपाचंच उदाहरण घेऊ.

प्रॉडक्ट ऑडिट : तयार पंप उचलायचा, ड्रॉइंगप्रमाणे मापं आणि पाण्याच्या दाबाची चाचणी पुन्हा घ्यायची.
प्रोसेस ऑडिट : फाउंड्रीत उभं राहून वाळूतला ओलावा, धातू ओतण्याचं तापमान ठरल्याप्रमाणे आहे का, ते बघायचं.
सिस्टीम ऑडिट : गेज वेळेवर कॅलिब्रेट होतात का, तक्रारींवर कारवाई होते का, याचे पुरावे आयएसओ ९००१ च्या कलमांशी ताडायचे.

पद्धत मात्र सारखीच. व्याप्ती ठरवा, चेकलिस्ट करा, पुरावा बघा, त्रुटी लिहा, सुधारणा झाली का ते पुन्हा तपासा. आणि स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही.

आता संशोधनातली खरी मेख. त्रुटी कमी म्हणजे दर्जा चांगला, असं नसतं. कदाचित तपासणीच वरवरची झाली असेल. म्हणून आकड्यासोबत ऑडिट कुणी केलं, कुठल्या प्रकारचं आणि किती नमुने पाहिले, हेही नोंदवा. नाहीतर तुमचा निष्कर्ष कारखान्याबद्दल नाही, ऑडिटरबद्दल असेल.