स्नायूला मिळणारा आदेश आणि फवारणीचे विष

यवतमाळ जिल्ह्यात पावसाने थोडी उघडीप दिली की कपाशीच्या तासांतून पाठीवर पंप घेतलेली माणसे दिसू लागतात. साधारण १६ लिटरचा हा पंप. म्हणजे पाण्याचेच वजन १६ किलो. एका हाताने दांडा खालीवर करावयाचा, दुसऱ्या हाताने नळी झाडांवर फिरवावयाची. काम साधे दिसते, पण त्यात शरीराची मोठी यंत्रणा राबत असते.

दांडा मारणाऱ्या हाताचा खांदा हा उखळीचा सांधा होय. दंडाच्या हाडाचे गोल डोके खांद्याच्या हाडातील उथळ खोबणीत बसलेले असल्यामुळे हात चोहोकडे फिरतो. कोपर बिजागरीप्रमाणे एकाच दिशेने मिटते व उघडते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, मध्ये वंगणासारखा द्रव असतो आणि अस्थिबंधांचे चिवट पट्टे हाडांना जागेवर धरून ठेवतात. सांधा मात्र आपण होऊन हलत नाही. कंडरांनी हाडांना जोडलेले स्नायू त्याला हलवितात. आणि स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून ते जोडीने असतात. दंडाचा पुढचा स्नायू आखडला की कोपर मिटते, मागचा आखडला की सरळ होते. एक आखडताना दुसऱ्याने सैल पडावेच लागते.

हे आखडणे व सैल पडणे मज्जातंतूंच्या आदेशाने चालते. तंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामधील अतिसूक्ष्म फटीत ॲसिटिलकोलीन हे द्रव्य सुटते व स्नायू आकुंचन पावतो. लागलीच एक विकर त्या द्रव्याचे विघटन करते. आदेश पुसला जातो आणि स्नायू सैल होतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके या विकरालाच निकामी करतात. कीड मरते ती याच मार्गाने, आणि माणसाचे विकर काही निराळ्या धाटणीचे नाही.

२०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे २० शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, त्यामुळे फवारा छाती व तोंडापर्यंत येत होता. वापरलेली सर्वच औषधे एका गटाची नव्हती; तथापि मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेटे त्यांत होती. ही विषे पोटात जावी लागत नाहीत. घामाने भिजलेल्या कातडीतूनही ती शरीरात शिरतात.

शरीरातील तिन्ही प्रकारच्या स्नायूंवर त्यांचा परिणाम होतो. डोळ्याची बाहुली आवळणारा स्नायू अनैच्छिक; ती टाचणीच्या टोकाएवढी होते. आतडी व श्वासनलिका यांचेही स्नायू त्याच जातीचे. पोटात कळा येतात, छाती भरून येते. हृदयाचा स्नायू या दोहोंपासून वेगळा. त्याचे ठोके बहुधा मंदावतात. हाडांना जोडलेले ऐच्छिक स्नायू प्रथम कातडीखाली थरथरतात आणि मग दमून लुळे पडतात. श्वासपटल हाही असाच एक स्नायू आहे. तो थकला की श्वास थांबतो.

प्रारंभीची लक्षणे फसवी असतात. डोके दुखणे, मळमळणे, घाम सुटणे हे उन्हाचे समजून रोगी घरीच झोपविला जातो, आणि मोलाचा वेळ जातो. हातमोजे व मुखपट्टी वापरा असे सांगणे सोपे आहे. दमट उकाड्यात पाठीवर पंप घेऊन ती दिवसभर घालणे सोपे नाही. म्हणून सकाळच्या वेळी, वाऱ्याकडे पाठ करून आणि फवारलेल्या ओळीत पुन्हा न शिरता काम करणे, तसेच काम संपताच साबणाने अंघोळ करून कपडे बदलणे, यांवर ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी अधिक भर द्यावा.

बाधा झाल्यास भिजलेले कपडे काढून अंग धुवावे व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ॲट्रोपिनने छाती मोकळी होते व हृदयाचे ठोके सावरतात, परंतु लुळ्या पडलेल्या ऐच्छिक स्नायूंवर त्याचा उपयोग होत नाही. त्यासाठी विकर पुन्हा मोकळे करणारे प्रॅलिडॉक्सिम हे औषध असून ते लवकर मिळावे लागते. उशीर झाल्यास विष विकराला कायमचे जखडते. दुसऱ्या गटाच्या विषाला उपचारही दुसरा लागतो. म्हणून रोग्याबरोबर औषधाचा डबा, वरील चिठ्ठीसह, रुग्णालयात न्यावा.