ट्रकचा जादा दिवा कुठे बसवावा?

उसाचा हंगाम सुरू झाला की फडातून भरलेले ट्रक रात्री-अपरात्री कच्च्या वाटेने डांबरी रस्त्याकडे येताना दिसतात. काहींवर नेहमीच्या दिव्यांखेरीज आणखी दोन-चार दिवे, बहुधा केबिनच्या टपावर, बसवलेले असतात. उंचावरून प्रकाश लांब जाणार, हे उघडच आहे. मग धुळीत किंवा धुक्यात हेच दिवे लावले की चालकाला आधीपेक्षाही कमी का दिसते?

दोष दिव्याचा नाही. दिवा आणि डोळा फार जवळ आले, एवढेच. धुक्यातले जलकण आणि हवेतली धूळ प्रकाश सर्व दिशांना विखुरतात. त्यातला काही भाग उलट डोळ्यांकडे येतो. टपावरच्या दिव्याचा झोत आणि चालकाची नजर जवळजवळ एकाच वाटेने जातात. त्या वाटेतला प्रत्येक कण उजळतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. दिवा बम्परच्या उंचीवर बसवून झोत रुंद व खाली ठेवला, तर डोळ्यांसमोरची हवा अंधारी राहते आणि नजर तिच्यातून पार होऊन उजळलेल्या जमिनीवर पोचते. (पिवळा प्रकाश धुके भेदतो, ही समजूत मात्र खरी नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्याने सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात.)

दुसरी गोष्ट सावलीची. दुर्बिणीतून पौर्णिमेचा चंद्र पाहिला तर विवरे सपाट भासतात. अष्टमीला प्रकाश-अंधाराच्या सीमेवर तीच ठसठशीत उठून दिसतात. पौर्णिमेला सूर्य जणू आपल्या पाठीशी असतो, त्यामुळे सावल्या वस्तूंच्या आडच लपतात. टपावरचा दिवा हा असा पौर्णिमेचा सूर्य होय. स्वच्छ हवेत दूरचे पाहायला तो चांगला, यात वाद नाही. पण चाकाखाली येणारा चर तिरप्या प्रकाशाने दाखवतो तो खालचाच दिवा.

हे वर्गात सहज दाखवता येते. खोली अंधारी करून उदबत्तीचा धूर करावा. विजेरी आधी कानशिलाशी आणि मग कमरेशी धरून समोर पाहावे. जमिनीवर चुरगळून उलगडलेला कागद ठेवून पुन्हा तेच करावे. फरक मुलांनाच सांगू द्यावा.

डांबरी रस्ता लागताच मात्र हे दिवे बंदच हवेत. समोरून येणाऱ्याचे दिपलेले डोळे सावरायला काही सेकंद लागतात, आणि तेवढ्यात त्याचे वाहन पन्नास-शंभर मीटर पुढे गेलेले असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतही पुढच्या बाजूला शोधदिवा लावण्यास, अपवादात्मक परवानगी सोडता, मनाई आहे.

आता तारेविषयी. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. १०० वॅटचे दोन हॅलोजन दिवे तिच्याकडून १६ अँपिअरहून अधिक धारा घेतात. बारीक, लांब तारेचा रोध ०.१ ओहम धरला, तर सुमारे दीड व्होल्ट तारेतच खर्ची पडतो. नुकसान एवढेच नाही: तंतूच्या दिव्याचा प्रकाश विद्युतदाबापेक्षा फार वेगाने घटतो आणि जवळजवळ एक-तृतीयांश प्रकाश जातो. वर तार तापते ती वेगळीच. म्हणून बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड तार न्यावी, बॅटरीजवळच फ्यूज बसवावा आणि केबिनमधल्या बटणाने फक्त रिले चालवावा. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट मिळवतात. त्याच वॅटचे दिवे व तीच तार घेऊन तेथे किती व्होल्ट वाया जातील, हे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे.