न शिवता पाहायची नाडी

हिरा कार्बनचा, पेन्सिलीतले शिसेही कार्बनचेच. १९९१ साली जपानमध्ये त्सुकुबा येथील एनईसीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली याच कार्बनच्या नळ्या पाहिल्या. एकपदरी नळीचा व्यास सुमारे १ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. वजनाला हलकी, विजेला वाट देणारी. मग विमानातील तारांवरचे जड धातूचे कवच हिने हलके होईल का, हा प्रश्न ओघानेच आला. त्याचे उत्तर मोजूनच द्यावे लागते. माझी नोकरीची बरीच वर्षे असल्या मोजमापात गेली, म्हणून त्यातली मेख सांगतो.

घरातल्या तारेला मीटरच्या दोन सुया टेकवल्या की काम भागते. एकट्या नळीला टोके जोडली, तर पुंजभौतिकीच्या नियमाने रोध सुमारे ६,५०० ओहमच्या खाली येतच नाही. मायक्रोवेव्हची उपकरणे मात्र बहुधा ५० ओहमच्या हिशेबाने बांधलेली. त्यामुळे पाठवलेली बहुतेक लहर आल्या पावली परत फिरते.

म्हणून नळ्या रेझिनमध्ये मिसळून केलेला पदार्थ न शिवता मोजण्याची एक रीत आहे. जलतरंगाची वाटी आठवा. पाणी वाढवले की सूर उतरतो, काठाला बोट लावले की नाद लवकर विरतो. तांब्याच्या बंद डबीतही मायक्रोवेव्ह लहरी अशाच ठरावीक सुरात घुमतात. आधी रिकाम्या डबीचा सूर टिपायचा, मग नमुन्याची बारीक काडी आत सोडायची. सूर किती उतरला यावरून पदार्थ विद्युत ऊर्जा किती साठवतो ते कळते. घुमणे किती लवकर विरले यावरून किती गिळतो ते कळते.

आकडा हाती आला, तरी तो नुसत्या नळीचा नसतो. खिरीत शेवया थोड्या असल्या तर सुट्या तरंगतात; वाढल्या की एकीला एक लागून या काठापासून त्या काठापर्यंत जाळे होते. नळ्या फार लांबट, म्हणून त्यांचे जाळे थोडक्या प्रमाणातही जमते. शिवाय दोन नळ्यांमधली फट बॅटरीच्या विजेला अडवते, पण सेकंदाला अब्जावधी वेळा दिशा पालटणारी वीज ती सहज ओलांडते. साध्या मीटरला जवळजवळ रोधक वाटलेली वडी मायक्रोवेव्हला निराळीच वागते.

मांडणीचाही प्रश्न आहे. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात अशाच आखूड विद्युतलहरी पिळलेल्या तागातून पाठवल्या, तेव्हा लहरींच्या कंपनाची दिशा वळलेली दिसली. धागे कसे ठेवले आहेत हे लहरीला कळते. नळ्या एका दिशेने ओढून बसवल्या, तर उभा आकडा वेगळा, आडवा वेगळा.

म्हणून नव्या पदार्थाची वाहवा कानावर आली की मी तीनच गोष्टी विचारतो : नळ्या किती, मांडल्या कशा आणि मोजले कोणत्या वारंवारतेला? प्रयोगशाळेतल्या काडीवर उत्तम ठरलेले कवच तारेवर गुंडाळताना आतले जाळे तुटले, तर बाहेरची खरखर थेट वैमानिकाच्या कानात शिरेल. त्या विमानात तुम्ही-आम्हीच बसलेले असू.