नगरपंचायत झाली, पण नागरिकांना सूचना कशी मिळणार?

ग्रामपंचायतीचे नगरपंचायतीत रूपांतर झाले की गावाला मुख्याधिकारी मिळतो, शासकीय निधीच्या नव्या योजना खुल्या होतात आणि बांधकाम परवानगीचे नियम बदलतात. मात्र याच वेळी एक हक्क नागरिकांच्या हातून जातो आणि त्याची चर्चा क्वचितच होते. तो हक्क म्हणजे ग्रामसभा.

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. गावच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते. गावाचा जमाखर्च आणि घरकुलांच्या लाभार्थ्यांची यादी तिच्यापुढे मांडली जाते. सभेची नोटीस फलकावर लागते, काही गावांत दवंडीही दिली जाते. शहरांसाठी असलेली ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तीत अशा सभेची तरतूद नाही. प्रभाग समित्या बंधनकारक करण्यात आल्या, परंतु त्या ३ लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्याच. परिणामी, वीस हजार वस्तीच्या गावातील रहिवासी ग्रामसभेला मुकतो आणि प्रभाग समितीही त्याच्या वाट्याला येत नाही. महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक ग्रामपंचायतींचे २०१४ नंतर असे रूपांतर झाले आहे.

अशा गावांत नागरिकांसाठी उरते ती प्रसिद्ध झालेली सूचना. शहराच्या विकास आराखड्याचे उदाहरण पुरेसे आहे. आराखड्याचा मसुदा तयार झाल्यावर राजपत्रात आणि वृत्तपत्रात सूचना प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती मागविल्या जातात. कोणाच्या शेतावर क्रीडांगणाचे आरक्षण आहे, कोणाच्या दुकानासमोरचा रस्ता रुंद होणार आहे, हे त्या नकाशात असते. जाहिरात बारीक टाइपात असते, सर्व्हे क्रमांकांच्या भाषेत असते आणि ज्याच्या जमिनीचा प्रश्न आहे तो ते वृत्तपत्र घेत असेलच असे नाही. कायद्याची अट पूर्ण झालेली असते. संबंधित मालकाला मात्र मोजणीची माणसे दारात आल्यावर आरक्षणाचा पत्ता लागतो आणि तोपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते.

वास्तविक २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची अपेक्षा याहून मोठी आहे. त्याच्या कलम ४ नुसार जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे धोरण आखताना किंवा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित तथ्ये कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करावयाची असतात. बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे कळवावी लागतात. ही माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा पद्धतीने पोहोचवावी, असेही त्यात नमूद आहे. सूचना फलक, वृत्तपत्रे, जाहीर घोषणा आणि इंटरनेट ही साधने कायद्यानेच सांगितली आहेत. म्हणजे दवंडी कालबाह्य वाटली तरी ती कायद्याला अमान्य नाही. संकेतस्थळावर तिरकी स्कॅन केलेली, वाचता न येणारी प्रत टाकणे मात्र या कलमाच्या हेतूशी विसंगत ठरते.

या कायद्याच्या इतिहासातही एका छोट्या शहराचे नाव आहे. राजस्थानातील ब्यावर येथे, तेव्हा अजमेर जिल्ह्यात असलेल्या या गावी, मजदूर किसान शक्ती संघटनेने एप्रिल १९९६ मध्ये चाळीस दिवसांचे धरणे धरले होते. पंचायतीच्या कामांची बिले आणि हजेरीपट यांच्या प्रती मिळाव्यात, अशी त्यांची मागणी होती.

महाराष्ट्रात निवडणुका लांबल्याने अनेक नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासक होते. या काळात सभागृहच नव्हते. एका अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने ठराव होत. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि सर्वसाधारण सभा पुन्हा भरू लागल्या. विषयपत्रिका नगरसेवकांकडे जाते. ती नागरिकांच्या नजरेस पडेल याची व्यवस्था प्रत्येक ठिकाणी आढळत नाही.

सभा जनतेस खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते पाहता येतात का, हे प्रत्येक नगरपरिषदेने कलम ४ अन्वये स्वतःहून जाहीर करणे आवश्यक आहे. ते न केल्यास नागरिकाला अर्ज करता येतो. त्याच्या उत्तरासाठी कायद्याने तीस दिवस दिले आहेत, आणि हरकत नोंदविण्याची मुदत अनेकदा तेवढीच असते.