गांधीलमाशी: हाकलायचं कुणाला?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की आमच्या सोसायटीत एक आरोळी हमखास ऐकू येते: “अगं बाई, गांधीलमाशीचं घर!” मग कुणी झाडू घेऊन धावतं, कुणी झुरळं मारायचा फवारा शोधतं. यंदा शेजारच्या काकूंनी माळ्यावरच्या ट्रंकेमागून जे घर खरवडून काढलं, ते मुठीएवढं मातीचं ढेकूळ होतं. फोडलं तर आत पाच-सहा कोठड्या. एकेका कोठडीत बारीक कोळी ठासून भरलेले, पाय मुडपलेले, पण मेलेले नव्हेत. काडीने डिवचल्यावर एकाचा पाय हलला. एका कोठडीत मऊ, पिवळट अळी. काकू म्हणाल्या, “बरं झालं, वेळेवर सापडलं.”

काकूंना मी काही बोललो नाही, पण ते गांधीलमाशीचं घर नव्हतं. ते कुंभारणीचं होतं.

‘मातीचं घर म्हणजे चावणाऱ्या माश्यांचा अड्डा’

कुंभारीण एकटी राहते. तिला राणी नाही, फौज नाही, राखायला पोळं नाही. ओल्या जागेवरून तोंडात मातीची गोळी उचलायची, भिंतीवर लिंपायची, कोठडी झाली की शिकार आणून भरायची, अंडं घालायचं, तोंड बुजवायचं आणि निघून जायचं. बारीक, लांब कंबरेची जात कोळी आणते. सुबक मडकं घडवणारी जात हिरव्या अळ्या आणते. नांगी आहे, पण ती शिकार लुळी करण्यासाठी. तिला चिमटीत धरलंत किंवा ती कपड्यात अडकली तरच माणसाला डंख बसतो. घर पाडलं तरी ती अंगावर धावून येत नाही.

हिच्याबद्दलचा सगळ्यात जुना गैरसमज भीतीचा नाही, भक्तीचा आहे. माशी अळीला कोंडते, वर गुणगुणत राहते, आणि त्या ध्यासाने अळीच माशी होते, असं आपल्याकडे शतकानुशतकं मानलं गेलं. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात ही माशी आहे. एकनाथांचं भागवत याच स्कंधावरचं, त्यामुळे दृष्टांत मराठी घराघरांत पोचला. पाहणाऱ्याचं निरीक्षण चुकलं नव्हतं: आत गेली अळी, बाहेर आली माशी. फक्त मधला भाग मातीच्या भिंतीआड घडत होता. मडकं घडवणारी माशी आधी छताला बारीक तंतूने अंडं टांगते आणि मग अळ्या भरते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती जिवंत शिदोरी खात वाढतं, कोष करतं आणि माती पोखरून बाहेर पडतं. दृष्टांत म्हणून तो सुंदरच आहे. कोंडलेल्या अळीच्या बाजूने मात्र फारसं सांगण्यासारखं काही नाही.

तर कुंभारणीला राहू द्यावं. अपवाद एकच, नळ्या आणि भोकं. वापरात नसलेला प्लग पॉइंट, एसीचं पाणी जाणारी नळी, कुलपाचं भोक अशा जागा काही जाती मातीने गच्च बुजवतात. गंमत वाटेल, पण ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ जण गेले, तेव्हा वेग मोजणारी नळी बुजल्याचा निष्कर्ष निघाला. तपास करणाऱ्यांचा दाट संशय होता तो अशाच माशीच्या मातीवर. आपल्या एसीच्या नळीच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधला की काम भागतं.

‘राणी मारली की पोळं संपलं’

आता खरी गांधीलमाशी. तिचं पोळं मातीचं नसतं, मेणाचंही नसतं. ते कागदाचं असतं. दुपारच्या शांत वेळी जुन्या लाकडी आरामखुर्चीजवळ किंवा बांबूच्या कुंपणाजवळ कान द्या, नखाने पुठ्ठा खरवडल्यासारखा आवाज येतो. माशी मागे सरकत लाकडाचा तंतू सोलते, चावून लगदा करते आणि छज्जाखाली देठाला लटकलेली षटकोनी घरं बांधते. जिथून तिने लाकूड सोललं, तिथे राखाडी रंगावर उजळ पट्टे उरतात. लाकडावर असे ताजे पट्टे दिसले तर पोळं जवळपास असू शकतं.

आपल्याकडच्या रोपालिडिया मार्जिनाटा या जातीवर राघवेंद्र गदगकर यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अनेक दशकं काम केलं. त्यातून राणीचं जे रूप पुढे आलं ते भलतंच आहे. ही राणी ना आकाराने वेगळी, ना स्वभावाने दांडगट. पोळ्यातली एक गरीब बाई वाटावी अशी. ती नाहीशी झाली की काही मिनिटांतच एक कामकरीण कमालीची आक्रमक होते, बाकीच्या निमूट मान्य करतात, आणि आठवड्याभरात तीच अंडी घालू लागते. तेव्हा पोळ्यातली ‘मोठी माशी’ हेरून चप्पल मारणाऱ्यांनी तो नाद सोडावा.

‘थंडी पडली की आपोआप जातात’

हे वाक्य खोटं नाही, फक्त आपलं नाही. युरोप-अमेरिकेच्या थंड भागात बहुतेक पोळी हिवाळ्यात ओस पडतात आणि नव्या राण्या कुठेतरी दडून वसंताची वाट बघतात. मोबाइलवर दिसणारे बरेच सल्ले तिथले आहेत. दख्खनमध्ये आणि कोकणात तसा हिवाळा नाही. रोपालिडियाची नवी पोळी वर्षभर सुरू होतात आणि जुनी वर्षभर चालू राहू शकतात. संक्रांतीपर्यंत थांबून बघू, असं म्हणणारा गुढीपाडव्यालाही थांबलेलाच असतो.

त्याच सल्ल्यांतली दुसरी वस्तू म्हणजे कागदी खोटं पोळं. ते टांगलं की माश्या दुसऱ्याचा इलाखा समजून दूर राहतात म्हणे. भरवसा ठेवावा असं त्यात काही नाही. दारासमोर लाल पाण्याची बाटली ठेवून कुत्री पळवण्याच्या जातीचाच हा उपाय. गवती चहाची आणि पुदिन्याची कुंडी ही त्याची सात्त्विक आवृत्ती. गवती चहाच्या, लवंगेच्या अर्काचा उग्र वास काही माश्यांना आमिषापासून दूर ठेवतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. पण अर्क वेगळा आणि कुंडीतलं झुडूप वेगळं. कुंडी चहासाठी ठेवा.

‘रात्री मशाल लावा, मोकळे व्हा’

सगळ्यात घातक उपाय हाच, आणि गावाकडे सर्रास चालणाराही. रात्री सगळ्या माश्या घरीच असतात, म्हणजे एका धक्क्याला सगळी फौज बाहेर पडते आणि बॅटरीच्या किंवा मशालीच्या उजेडाकडे झेपावते. तो उजेड तुमच्या हातात असतो. वर रॉकेल, पेट्रोल, शिडी, सुकलेली झावळं. दगड मारणं हा त्याचाच धाकटा भाऊ. चेंगरलेल्या माशीच्या विषाचा वास काही जातींत इतरांना इशारा देतो, म्हणून पोळ्याजवळ एकीला मारणं म्हणजे बाकीच्यांना बोलावणं.

त्यातही जात बघावी लागते. छज्जाखालच्या छोट्या उघड्या पोळ्यावर बहुधा दोन-चार डझन माश्या असतात. पण मोठी, काळी, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत किंवा जमिनीत ये-जा करताना दिसली, तर हात लावू नका. ही व्हेस्पा ट्रॉपिका. ती आली की लहान गांधीलमाश्या प्रतिकार न करता पोळं सोडून बाजूला होतात आणि ती त्यांची पिल्लं एकेक करून उचलून नेते. जिच्यापुढे गांधीलमाशी माघार घेते, तिथे आपण झाडू घेऊन जाऊ नये; पेस्ट कंट्रोलवाल्या जाणत्या माणसाला बोलवावं. आणि उंच इमारतीला किंवा किल्ल्याच्या कड्याला लोंबणारं काळपट, अर्धवर्तुळाकार मोहोळ गांधीलमाश्यांचं नसतंच. ते आग्यामोहोळ, म्हणजे मधमाश्यांचं.

‘काटा काढा, चुना लावा, किल्ली घासा’

काटा मधमाशीचा राहतो. तिची नांगी उलट्या दातांची असल्याने कातडीत अडकून तुटते, आणि ती नखाने चटकन खरवडून काढायची असते. गांधीलमाशीची नांगी सहसा अडकत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. जागा कुरतडत काटा शोधायचा नसतो, आधी तिथून लांब जायचं असतं. मधमाशीचं विष आम्ल म्हणून सोडा, गांधीलमाशीचं अल्कली म्हणून व्हिनेगर, हे शाळेतलं गणितही लागू पडत नाही. विष हे प्रथिनं आणि इतर रसायनांचं मिश्रण आहे, आणि ते गेलेलं असतं कातडीखाली. वरून काही चोपडून तिथवर पोचत नाही. चुन्याने उलट कातडी भाजते. साबणाने धुवा, बर्फ लावा, हाताला डंख असेल तर सूज यायच्या आत अंगठी-बांगडी काढा.

अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ सुजली, धाप लागली, घेरी आली, तर घरगुती उपाय बंद. १०८ला फोन करा. तिथे अॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, आणि मिनिटं मोलाची असतात. खूप डंख बसले असतील, विशेषतः मुलांना, तर तासाभराने बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा. लघवी गडद लाल किंवा कोकाकोलासारखी होणं हे मूत्रपिंडावर परिणाम होत असल्याचं लक्षण असू शकतं.

मग माश्यांना दूर ठेवायचं कसं? पाळायच्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत: गळका नळ दुरुस्त करणं, झाडाखाली सडलेले पेरू-चिकू उचलणं, मासळीचा कचरा झाकणं, मीटरबॉक्सच्या फटी बुजवणं. येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब, उंचावर असलेलं पोळं मात्र तसंच राहू द्या. त्या माश्या तुमच्या वांगी-भेंडीवरच्या अळ्या पिल्लांसाठी उचलून नेतात. आणि आठवड्यातून एकदा छज्जाखाली, खिडकीच्या ग्रिलमध्ये, एसीच्या पेटीमागे वर नजर टाका. एक माशी आणि रुपयाच्या नाण्याएवढं पोळं दिसलं, तर ती उडून गेल्यावर लांब काठीने देठ मोडा. हे काम दोन मिनिटांचं आहे, दोन महिन्यांनी ते तसं राहत नाही.