फ्लशिंगच्या तळघरातलं तिरफळ

न्यूयॉर्कच्या सात नंबरच्या सबवेचं शेवटचं स्टेशन फ्लशिंग–मेन स्ट्रीट. टाइम्स स्क्वेअरवरून येणारी ही गाडी क्वीन्समध्ये शिरली की बराच वेळ रस्त्यांच्या डोक्यावरून, लोखंडी खांबांवरून खडखडत धावते. बेसबॉलचं मोठं मैदान आणि यूएस ओपनचं टेनिस संकुल मागे पडतं, खाडी लागते, आणि मग गाडी जमिनीखाली शिरून थांबते. जिना चढून वर आलं की दुकानांच्या पाट्या चिनी, फुटपाथवर फळांचे खोके, आणि गर्दी अशी की दादरच्या भाजीबाजारात वावरलेल्या माणसाला लगेच बरं वाटावं.

स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, रूझवेल्ट अव्हेन्यूवर न्यू वर्ल्ड मॉल आहे. या इमारतीत पूर्वी कॅल्डॉर नावाचं अमेरिकी डिपार्टमेंट स्टोअर होतं. ते 1999 मध्ये बंद पडलं आणि 2011 मध्ये तिथे हा मॉल उघडला. वरच्या मजल्यांवर कपडे, मोबाइल, सौंदर्यप्रसाधनं वगैरे आहेत. त्यात आपण वेळ घालवू नये. रस्त्याच्या पातळीवर जे मार्ट हे चिनी सुपरमार्केट आहे आणि त्याच्या खाली तळघरात तीसेक गाळ्यांचं फूड कोर्ट. आधी बाजार की आधी जेवण, हे भुकेवर ठरवावं. आम्ही नेहमी आधी बाजारात हिंडतो.

आई वेंगुर्ल्याहून पहिल्यांदा आमच्याकडे न्यू जर्सीला आली, तेव्हा तिला मी भारतीय दुकानांतून फिरवलं. ती खूश होती, पण महिन्याभराने म्हणाली, "मासळीचा बाजार नाही का गो हय खंय?" म्हणून तिला फ्लशिंगला घेऊन गेले.

भाजीच्या विभागातच ती अडकली. कारली होती, फिकट हिरवी आणि गुळगुळीत धारांची, पण कारलीच. दुधी, दोडका, कोहळा, अळकुड्या, कमळकाकडी, चवळीच्या हातभर लांब शेंगा, पानांवर मधोमध तांबडा रंग उतरलेला माठ. इंग्रजी पाटीवर काय लिहिलंय ते तिने वाचलंसुद्धा नाही. तिला गरजच नव्हती. एका जुडीपाशी ती थांबली, देठ मोडून पाहिला आणि म्हणाली, "ही नाळीची भाजी." ओढ्याच्या, तळ्याच्या काठाने वाढणारी ही भाजी आपल्याकडेही आता बाजारात क्वचितच दिसते. देठ नळीसारखा पोकळ, म्हणून नाळी. चिनी भाषेत तिला 'कोंग शिन साय' म्हणतात. त्याचा अर्थ पोकळ गाभ्याची भाजी. दोन मुलखांतल्या बायकांनी तोच देठ मोडून पाहिला आणि तेच नाव ठेवलं.

मासळीचा विभाग मागच्या बाजूला आहे. काचेच्या टाक्यांत तिलापिया, मांगूरसारखे मिशीवाले मासे, वाम पोहत असतात. टोपल्यांत जिवंत कुर्ल्या. लांब चिमट्याने आपण निवडायच्या. बर्फावर मांडलेल्या मासळीचे डोळे आणि कल्ले पाहून घ्यायला कुणी हरकत घेत नाही. अमेरिकी सुपरमार्केटात मासा म्हणजे प्लास्टिकच्या थाळीतला, कातडी सोललेला, काटा काढलेला तुकडा. कल्ला उचलून पाहिल्याशिवाय मासा घ्यायचा नाही, हे ज्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं, त्यांना असा तुकडा विकत घेताना दरवेळी फसल्यासारखं वाटतं. इथे मासा अख्खा मिळतो, तुमच्यासमोर खवलं काढून, साफ करून मिळतो. डोकं टाकून देऊ नका असं वेगळं सांगावं लागत नाही. चिनी घरांतही डोक्याची किंमत कळते. पापलेटलाही इथे मान आहे.

फ्रीझरमध्ये नशीब असेल तर बोंबील सापडतात. हा मासा फक्त आपला, मुंबईचा, अशी माझी समजूत होती. पण चीनच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर, फूच्यानकडे आणि वेन्चोकडे तो आवडीने खातात. त्याच्या वासलेल्या जबड्यामुळे त्याचं एक नाव 'ड्रॅगनच्या डोक्याचा मासा', आणि दुसरं 'टोफू मासा'. ताजा बोंबील ज्यांनी हातात धरलाय, त्यांना दुसरं नाव समजावून सांगायला नको. गोठवलेला बोंबील तळण्याआधी पाटाखाली दाबून पाणी काढावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

सुक्या मालाची रांग तर नाकानेच सापडते. सोड्यांसारखी सुकी कोलंबी, आकारानुसार वेगवेगळ्या भावांची. आणि जवळ्यासारखी बारीक, पापुद्र्यासारखी हलकी. आईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला, आणि दोन पाकिटं गाडीत टाकली. पिठांच्या फळीवर थायलंडहून येणारी तांदळाची पिठी असते: लाल छपाईच्या पाकिटात साधी, हिरव्या छपाईच्या पाकिटात चिकट तांदळाची. परदेशात उकडीचे मोदक करणाऱ्यांनी हा रंग पाठ करावा. लाल घ्यायचं, त्यात हिरव्यातलं चमचाभर मिसळलं तर पारीला कळ्या पाडताना ती फाटत नाही. नुसतं हिरवं घेतलंत तर सगळी उकड हाताला चिकटून बसेल.

मग खाली उतरायचं. सरकत्या जिन्यावरूनच वाफेचा आणि भाजलेल्या मिरचीचा वास येतो.

मुंबईत आपण ज्याला 'चायनीज' म्हणतो ते इथे शोधू नये. मंचुरियन, शेजवान राइस, हाका नूडल्स ही आपली पोरं आहेत, आपल्या गाड्यांवर वाढलेली, आणि मला ती मनापासून आवडतात. फ्लशिंगमधलं जेवण वेगळं, आणि एकाच तऱ्हेचं नाही. मॅनहॅटनच्या जुन्या चायनाटाउनवर कॅन्टनी लोकांचा ठसा होता. 1970च्या दशकात तैवानहून आलेले मँडरिन बोलणारे लोक तिथे न रुळता फ्लशिंगला येऊन राहिले, आणि त्यांच्या मागोमाग चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांतून माणसं आली. म्हणून या तळघरात एका गाळ्यावर सिच्वानचं तिखट, शेजारी लान्चोच्या नूडल्स, पलीकडे ईशान्येकडचे डम्पलिंग, मग तैवानचा बबल टी. सावंतवाडी, नागपूर, जळगाव आणि कोल्हापूर एका छपराखाली रांधायला बसले तर जसं होईल, तसं.

नूडल्सच्या गाळ्यासमोर जरा उभं राहा. कणकेचा जाडसर दोर दोन्ही हातांनी ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. दरवेळी धाग्यांची संख्या दुप्पट. सात घड्यांत एकाचे 128 धागे होतात, आठव्यात 256. मध्येच तो दोर ओट्यावर आपटला जातो, पिठाचा धुरळा उडतो, आणि क्षणात सगळं उकळत्या पाण्यात. कणीक एवढी ताणली जाते याचं एक कारण तिच्यात घातलेला क्षार. आपण पापडाच्या पिठात पापडखार घालतो, त्याच जातीचा.

लिआंगपी नावाचा गार पदार्थही जरूर मागा. कणीक पाण्यात धुऊन धुऊन तिचा चीक काढायचा, निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं, आणि खालचा साका ताटलीत पातळ पसरून वाफवायचा. मग त्याच्या पट्ट्या कापून व्हिनेगर, लसूण आणि मिरचीचं तेल. चीक म्हटल्यावर कुरडयांची आठवण आलीच पाहिजे. उन्हाळ्यात अंगणात बसून गव्हाचा चीक ढवळणाऱ्या बायकांना या पदार्थाची कृती अर्धी ठाऊकच आहे. शिआन शहराकडचा हा पदार्थ न्यूयॉर्कभर पोचवणारं 'शिआन फेमस फूड्स' 2005 मध्ये इथून जवळच, मेन स्ट्रीटवरच्या गोल्डन शॉपिंग मॉलच्या अशाच एका तळघरात सुरू झालं. जिरं लावलेलं मेंढीचं मटण ही त्यांची दुसरी ओळख.

आम्ही त्या दिवशी 'माला शियांग ग्वो' घेतलं. मोठा वाडगा घ्यायचा, समोर मांडलेल्यातून हवं ते चिमट्याने उचलायचं, वजन करून पैसे द्यायचे. मग ते मोठ्या कढईत मसाल्यात परतून मिळतं. कमळकाकडी, बटाट्याचे काप, काळे अळंबे, टोफूच्या घड्या, थोडी कोलंबी. आईने पहिला घास घेतला, चावला, आणि ती थांबली. ओठाला हात लावून बघितला. वाडग्यातून चमच्याने एक लालसर, तडकलेलं टरफल बाहेर काढलं, बोटांनी चुरडून नाकाशी नेलं.

"ह्यां तर तिरफळ गो!"

आणि ते तसंच आहे. सिच्वान मिरी आणि आपलं तिरफळ ही झँथोझायलम या एकाच वंशातली दोन झाडं. दोन्हींत आतली काळी बी टाकून द्यायची आणि टरफल वापरायचं. जिभेला मुंग्या आणणारी ती झिणझिण बांगड्याच्या तिखल्यात असते, तीच इथल्या 'माला'त. चिनीत 'मा' म्हणजे बधिर आणि 'ला' म्हणजे तिखट. अमेरिकेत 1968 ते 2005 या काळात सिच्वान मिरीच्या आयातीवर बंदी होती, कारण ती लिंबूवर्गातली. तिच्यासोबत संत्र्या-लिंबांचा कँकर रोग येईल अशी भीती होती. उष्णता देऊन निर्जंतुक केलेली मिरी आणायला परवानगी मिळाल्यावर ती खुलेआम दुकानात आली. जेवण झाल्यावर आई पुन्हा वर गेली आणि मसाल्याच्या फळीवरून तिचं एक पाकीट घेऊन आली. त्या रविवारी आमच्याकडे बांगड्याचं तिखलं झालं. आई म्हणाली, वास थोडा लिंबाकडे झुकतो, पण चालेल. मला विचाराल तर नुसतं चाललं नाही, उत्तम झालं.

शाकाहारी मंडळींनीही इथे बिनधास्त यावं, फक्त विचारून घ्यावं. वाडग्यात तुम्ही भाज्याच घेतल्यात तरी मसाल्याच्या तेलात गाईची चरबी असू शकते, नूडल्सचं पाणी बहुधा हाडांचं असतं. 'वो चर् सू', म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढं म्हटलं की गाळ्यावरच्या ताई मान हलवून जे चालेल त्यावर बोट ठेवतात. बौद्ध परंपरेतलं 'सू' जेवण तर कांदा-लसूणही वर्ज्य मानतं. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना ही शिस्त परकी नाही. बबल टीमधले काळे मोती कसावाच्या पिष्टाचे असतात, आपला साबुदाणाही त्याच कंदाचा.

परतताना आम्ही वाट जरा वाकडी केली. मेन स्ट्रीटपासून जवळच बाउन स्ट्रीट आहे. जॉन बाउनने आपल्या घरात क्वेकर पंथीयांना प्रार्थनेसाठी जमू दिलं, म्हणून 1662 मध्ये तेव्हाच्या डच वसाहतीचा गव्हर्नर स्टायव्हेसंट याने त्याला पकडून हद्दपार केलं. पुढे वसाहत चालवणाऱ्या डच कंपनीनेच गव्हर्नरला आवरायला सांगितलं आणि बाउन घरी परतला. 1661 मध्ये बांधलेलं त्याचं घर अजून उभं आहे. त्याच्याच नावाच्या रस्त्यावर 4 जुलै 1977 रोजी प्रतिष्ठापना झालेलं गणपतीचं देऊळ आहे. त्याच्याही तळघरात कॅन्टीन आहे आणि तिथला डोसा चांगला असतो. आईने पिशवीतली मासळी पाहून आत यायला नकार दिला, बाहेर उभी राहून हात जोडले. तुम्ही जाल तेव्हा आधी देऊळ करा, मग बाजार.

शनिवार-रविवारी दुपारी फूड कोर्टात टेबल मिळणं कठीण. आठवड्याच्या मधल्या दिवशी, बारा वाजायच्या आत पोचा. मासळीसाठी जाड पिशवी आणि बर्फाची पाकिटं घरून न्या, आणि थोडी रोकड जवळ ठेवा, कारण काही गाळ्यांवर कार्ड चालत नाही.